खुडूक कोंबडी आणि इंग्रजीचा तास

बसा हो, चहा होईस्तोवर आमच्या शाळेची गंमत सांगतो.

शाळेशेजारच्या भागाआत्याची कोंबडी वर्गाच्या खिडकीखाली खुडूक बसलेली, पोटाखाली अकरा अंडी. नव्या ढाकणेबाईंनी फळ्यावर एस आणि एच शेजारी लिहिले. “पोरांनो, दोघांचा मिळून एकच आवाज. म्हणा, श्श!” तीस पोरं जीव खाऊन ओरडली, “श्शऽऽ!” आमच्याकडं कोंबड्या अशाच हाकलतात. ती बिचारी उडाली ती थेट कौलांवर.

आत्या धावत आली. “बाई, अंडी गार पडली तर तुमचं इंग्रजी बसणार का त्यांच्यावर?”

बाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली. “हिला खाली कसं बोलवायचं, आत्या?”

“च-च-च केलं की येते. पण आज भ्यालीय, माझ्या एकटीचं ऐकायची नाही.”

बाईंनी झटकन सी आणि एच लिहिले. “म्हणा पोरांनो, हळू, लाडानं. च-च-च!”

कोंबडीनं कौलांच्या कडेवरून मान वाकडी करून खिडकीतून सगळा वर्ग न्याहाळला, खाली उतरली न् मुकाट अंड्यांवर बसली. बाईंनी तिथंच खाली बसून डोळे पुसले.

अजून आठवडा आहे पिल्लांना. तेव्हा जाताना शाळेपाशी तेवढा हॉर्न वाजवू नका.