पूजेतला बॉल

भुजंगने चौरंगावर बॉल ठेवला, आणि पन्नालालशेठ नारळ हातात धरूनच थांबले.

"हा चामड्याचा आहे का?"

आज गाळा नंबर सतरामध्ये क्लबच्या दुकानाचं उद्घाटन होतं. नव्या शॉपिंग सेंटरमधला हा सर्वांत लहान गाळा, दहा बाय आठचा. भिंतींवर पिवळ्या-हिरव्या जर्सी टांगल्या होत्या. खाली टोप्या, मोजे, कीचेन आणि 'नवयुवक फुटबॉल क्लब, जालना' असं छापलेले टॉवेल. सगळं कापडाचं, रबराचं नाहीतर प्लास्टिकचं. पन्नालालशेठ धर्मानं जैन. क्लबला गाळा देताना त्यांनी डिपॉझिट मागितलं नव्हतं, अट तेवढी एक घातली होती. चामड्याची वस्तू आत येणार नाही.

"शेठ, इकायचा न्हाई तो," भुजंग म्हणाला. क्लबचा सेक्रेटरी तोच. "चौऱ्याऐंशीची फायनल ह्याच बॉलनं जिंकल्ती आपण. चौदा वर्षं झाली. निस्ता काचेत ठेवायचा हाय."

"इकायचा न्हाई म्हणून चामड्याचं कापड होतं का?"

"रेक्झिन असंल शेठ," गोलकीपर मच्छिंद्र मध्येच म्हणाला. "आजकाल सगळे रेक्झिनचेच येतेत."

"खोटं बोलू नको, मच्छ्या." मागून रखमाजी सर पुढे आले. या सगळ्यांना खेळायला शिकवलं ते त्यांनी. "चामडंच हाय. दोन डाव उसवला, दोन्ही डाव मीच शिवला." त्यांनी बॉल उचलला आणि खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळला. "शेठचं बराबर हाय. तुम्ही पूजा करा. मी ह्याला घेऊन बाहेर थांबतो."

"सर बाहेर आन् आपण आत?" भुजंगचा आवाज चढला. "मंग दुकान उघडायचं तरी कशाला?"

"अट तुम्ही कबूल केल्ती," पन्नालालशेठ म्हणाले.

"केल्ती," भुजंग म्हणाला, आणि त्याने मान खाली घातली.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "मुहूर्ताला बारा मिनिटं राहिली."

रखमाजी सर पॅसेजच्या टोकाला, जिन्याजवळ जाऊन उभे राहिले. दाराशी खुर्चीवर पन्नालालशेठच्या आई बसल्या होत्या, भंवरीबाई. उद्घाटन त्यांच्या हातून व्हायचं होतं. त्यांनी सरांकडे पाहिलं, टॉवेलातल्या गोळ्याकडे पाहिलं, आणि आत आवाज दिला.

"गुरुजी, त्याला कुंकू लावलं का?"

"अजून नाही, माँजी."

"लावू नका. एकदा कुंकू लावलं की मंग त्याला पाय कसा लावायचा?"

"त्याला पाय कोण लावणार आहे, माँ?" पन्नालालशेठ दारात आले.

"पन्ना, आपल्या घराला लागून मैदान. वीस साल ह्यांचा बॉल आपल्या आंगणात पडायचा. ही पोरं फाटक वाजवायची, माँजी, बॉल! दुपारी तू दुकानात, मुनीम दुकानात. बॉल बाहेर कसा जायचा रे?"

उत्तर मच्छिंद्रने दिलं.

"फाटकाखालून यायचा. वीतभर फट होती. सरळ पायात यायचा. आम्हाला वाटायचं, गडी देतो."

"गडी दहालाच जायचा," भंवरीबाई म्हणाल्या. "चामड्याला हात लावायचा न्हाई, म्हणून मीच कपड्याची चप्पल घालून पायानं ढकलायची. मला वाटायचं, कोणी पाहिलं तर हसंल. मंग एक दिवस गच्चीवरून तुमचा खेळ पाहिला. तुम्ही बी हात लावत न्हाई."

"एक गोलकीपर सोडून," भुजंग म्हणाला. मच्छिंद्रने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

पन्नालालशेठ हसले. मग त्यांनी दाराशेजारच्या भिंतीवर हात ठेवला. "अट आतली आहे. ही भिंत बाहेरची. काचेची पेटी हितं लावू. खर्च माझा." आणि पॅसेजच्या टोकाकडे बघून मोठ्यानं, "सर, या की. तुमच्याबिगर नारळ फुटणार न्हाई."

रखमाजी सर तिथूनच बोलले. "माँजी, त्या गल्लीत लोकांनी आमचे किती बॉल ठेवून घेतले, किती कापले. तुमच्या घरात एक बी अडकला न्हाई. आमचा क्लब त्याच्यावर टिकला. हे कधी सांगायचं राहूनच गेलं."

"मी काय केलं? सगळ्या दुपारभरात त्या घरात तेवढी एकच हाक यायची." भंवरीबाई खुर्चीचा हात धरून उठल्या. "सोडा तो इकडं."

सरांनी टॉवेल उलगडला आणि बॉल फरशीवर सोडला. वीस-बावीस फूट घरंगळत येऊन तो भंवरीबाईंसमोर थांबला. पन्नालालशेठ आईला धरायला पुढे झाले. त्यांनी मुलाला हातानेच बाजूला सारलं. पदर खोचला, साडी घोट्याच्या वर घेतली, आणि कापडी चपलेच्या आतल्या कडेनं बॉल ढकलला. तो भिंतीला कुठेही न लागता पॅसेजच्या मधोमध सरळ गेला.

रखमाजी सरांनी तो पायाखाली दाबून धरला. मग त्यांनी भंवरीबाईंच्या पायांकडे पाहिलं.

"डावा पाय," ते म्हणाले. "आन् मी वीस वर्षं लेफ्ट विंगला माणूस हुडकून राह्यलो."