डॅफ्नी कोण?

"डॅफ्नी कोण आहे तुमच्यात? पुढे ये म्हणावं."

तिचा नवरा नर्सरीच्या काचघराच्या दारात उभा होता. हातात लोखंडी पाइप. ती मांडणीखाली, गोणपाटाच्या आड बसली होती. नऊ महिन्यांच्या लेकीने तोंड उघडू नये म्हणून तिला अंगावर घेतलं होतं. लेकीला नुकताच दात आला होता, आणि ती चावत होती. चाव, राणी, पण रडू नकोस.

सकाळी लेकीला उचलून घराबाहेर पडताना तिच्या तोंडून निसटलं होतं, "डॅफ्नीला पळता आलं, मला का नाही येणार?" झालं. त्याने ते नाव मनात धरून ठेवलं. कोणीतरी बाई आहे, हिचे कान भरणारी. आधी तिला बघतो, मग हिला.

पाणी घालणाऱ्या मावशींनी झारी खाली ठेवली.

"डॅफ्नी होय? ती काय समोर, तिसऱ्या कुंडीत. पण हात लावू नका हो जावईबापू, चीक लागला तर फोड येतात."

गोष्ट नर्सरीच्या मालकीणबाईंनी सांगितली होती, ती आणि कामावरच्या सगळ्याजणी दुपारचा डबा खात असताना. ग्रीकांच्या पुराणातली. डॅफ्नी नावाच्या मुलीच्या मागे एक देव लागला. ती पळ पळ पळाली, आणि दम संपला तेव्हा तिने बापाला हाक मारली. बाप नदी होता. त्याने तिथल्या तिथे लेकीचं झाड करून टाकलं.

"ते झाड निराळं," मालकीणबाई म्हणाल्या होत्या. "ह्या रोपाला नुसतं नाव तिचं."

"हिच्या बापाने निदान झाड तरी केलं," ती म्हणाली होती. "माझ्या बापाने परतीच्या बसमध्ये बसवून दिलं."

हसून हसून मावशींना ठसका लागला होता. तीही हसली होती.

आता तो तिसऱ्या कुंडीपाशी आला. गोणपाटाच्या फटीतून तिला त्याचे बूट दिसले, मग गुडघे, मग वाकलेला चेहरा. तो पाटी वाचत होता. डॅफ्नी. सावलीत ठेवावे. त्याने ती परत वाचली. कमरेइतकं रोप, फिकट गुलाबी फुलांनी भरलेलं.

"कुंडी दाखवून उल्लू बनवता मला?"

पाइप फिरला. आधी काच खळकन फुटली, मग मांडणीवरची एक कुंडी गेली, मग दुसरी. माती लेकीच्या टाळूवर पडली. तिने फुंकर घातली, आवाज न करता. मावशी दारापाशी सरकल्या आणि तिथून हलल्या नाहीत.

मग त्याने पाइप टाकून दिला आणि हातांनी सुरुवात केली. घरीसुद्धा असंच असायचं. डॅफ्नीला शेंड्याशी धरून मागे ओढलं. एक हिसका. मग भिंतीवर. मग खाली पाडून लाथ. लाथ बसली तेव्हा मांडणीखाली तिची कूस आपोआप आवळली. पुढे काय येणार ते तिच्या अंगाला त्याच्याआधी कळत होतं. आता गळा. त्याने बुंधा दोन्ही मुठींत धरला आणि पिळला. साल सोलवटली, फुलं मुठीत चिरडली, बुंधा तळाशी कडाडून तुटला.

पाच वर्षं मार खाल्ला, पण तो मारतो कसा ते तिने कधी बघितलं नव्हतं. मार खाताना डोळे मिटलेले असतात.

एवढ्या आदळआपटीत लेक दूध पीत राहिली. तिला सवय होती.

तो दमला. तळवे लालभडक झाले होते. ते त्याने पँटला पुसले आणि खाली बसला. मग त्याने एक धड उरलेली कुंडी ओढली, ओंजळीने माती भरली, आणि तुटलेला बुंधा तिच्यात उभा धरला. बोटांनी माती दाबली. हळू दाबली. पानांवरची धूळ अंगठ्याने पुसली.

"झालं, झालं," तो म्हणाला. "लागलं का फार? झालं आता."

हाच अंगठा. तिच्या गालावरून रात्री असाच फिरायचा, आणि तिला वाटायचं, आता हा खरा.

लेकीने स्तन सोडला. बाबाचा मऊ आवाज तिच्या ओळखीचा होता. ती खुदकन हसली.

त्याने गोणपाट बाजूला केलं. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"इथे बसलीस होय," तो म्हणाला. "बघ, लावलं ते नीट. उगाच गोष्टी वाढवतेस तू. चल घरी."

ती बाहेर आली. तिने लेकीला खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला. लेकीने ढेकर दिली. मग तिने कुंडीकडे बघितलं. रोप उभं होतं, फुलंही होती चार.

"मुळं खाली पडलीत," ती म्हणाली.

तो वाकून खापऱ्यांमध्ये बघू लागला. ती त्याच्या पाठीमागून दाराकडे गेली. मावशी बाजूला झाल्या, तिला बाहेर जाऊ दिलं, तिच्या मागोमाग स्वतः बाहेर आल्या आणि बाहेरून कडी घातली.

आतून आवाज आला, अजून मऊच.

"कुठली मुळं?"