पान चाळीस

“हा माणूस कुठेच बसलेला नाही,” मुद्रितशोधक म्हणाले.

“कुठल्या ओळीत?” लेखिकेनं विचारलं. तिला वाटलं, मजकूर पानात बसत नसेल.

“ओळीत व्यवस्थित बसलाय हो. खुर्चीवर बसलेला नाही.”

मुद्रितशोधक स्वतः मात्र आल्या आल्या खिडकीजवळची चांगली खुर्ची पटकावून बसले होते. उभ्यानं चुका दिसत नाहीत, असं ते म्हणत, आणि कुणी ‘बसा’ म्हणायची वाट पाहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांच्या कामाची एक तऱ्हा होती. कादंबरीतल्या प्रत्येक माणसाचा ते वेगळा कागद करत. त्यानं चष्मा कुठल्या पानावर लावला, कुठल्या पानावर काढला, कधी बसला, कधी उठला, सगळं त्यावर टिपलेलं. लेखिकेच्या मागच्या कादंबरीत एक डॉक्टर एकदाच बसून दोनदा उठला होता. त्याला यांनीच पकडलं होतं आणि त्यावरून ते अजून तिची फिरकी घेत.

आज डॉक्टर नव्हता. आज थोरला भाऊ होता, कादंबरीचा खलनायक. त्याच्या कागदावर ‘उभा’च्या रकान्यात पानांचे आकडे खच्चून भरले होते. ‘बसला’चा रकाना कोरा होता.

“बहिणीकडे गेला, वकिलाकडे गेला, दवाखान्यात गेला. पान दोनशे अठरावर बिचारा मरतो, तेसुद्धा जिन्यात, उभ्यानंच. मधली वाक्यं गळलीत का?”

लेखिका हसली. “खलनायक आहे तो. त्याला कोण बसा म्हणणार?”

मुद्रितशोधकांनी पानं मागे उलटली.

“पान चाळीसवर तो पहिल्यांदा येतो, बाई. तिथं त्यानं अजून काहीच केलेलं नाही.”

लेखिकेचं हसू मावळलं. या खलनायकावर तिनं तीन वर्षं घालवली होती. तो असा का झाला, यासाठी डोकं खाजवून खाजवून कारणं शोधली होती. लहानपणीचा मत्सर, हाव, वडिलांचा मार, सगळं त्याच्या पदरात टाकून झालं होतं. प्रकाशक खूश होते. संध्याकाळी छपाई सुरू होणार होती आणि त्यानंतर एक काना-मात्राही हलणार नव्हता. हा भाऊ म्हणजे लेखिकेचाच दादा, हे नात्यातल्या कुणालाही पान चाळीसवरच कळलं असतं. वहिनीनं निरोपही धाडला होता, आम्हाला असं चव्हाट्यावर आणू नका. लेखिकेनं उत्तर दिलं नव्हतं. मनातून तिला तेच हवं होतं.

तिनं पान चाळीस पुढ्यात ओढलं. वडील गेले त्या दिवसाचा प्रसंग. ‘थोरला सगळं आटोपल्यावर आला. दारातच उभा राहिला. त्याला आत यायचं नव्हतं.’ शेवटच्या वाक्याखाली पेन्सिलीची फिकट रेघ होती आणि समासात एक प्रश्नचिन्ह.

तो दारात उभा राहिला होता, हे खरंच होतं. प्रवासाची पिशवी खांद्यालाच होती. खोली माणसांनी गच्च भरली होती. एकच खुर्ची रिकामी होती, तिच्या शेजारची, आणि तिच्यावर तिची पर्स होती. त्यानं खुर्चीकडे पाहिलं, पर्सकडे पाहिलं, मग तिच्याकडे. दोन महिने ती एकटी वडिलांच्या उशाशी बसली होती. आता उगवलास होय, एवढंच तेव्हा तिच्या मनात होतं. तिनं पर्स उचलली नाही.

पाव तास उभा राहून तो निघून गेला. पुढच्या महिन्यात त्यानं वडिलांच्या घड्याळांच्या दुकानाला कुलूप ठोकलं. मग वकिलाची नोटीस आली. आईला भेटायलाही तो पुन्हा फिरकला नाही. ते सगळं त्यानंच केलं होतं, त्यातलं एक अक्षरही तिनं पदरचं घातलं नव्हतं. कादंबरीत त्याच्या चपलेचा तुटका अंगठासुद्धा आला होता. पर्स तेवढी आली नव्हती.

तिला स्वतःची लाज वाटली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिला त्याची आठवण रागाशिवाय आली.

“मग काय करू?” मुद्रितशोधकांनी विचारलं. “शंका मिटली म्हणून सही करताय?”

“थांबा जरा,” ती म्हणाली आणि तिनं फोन उचलला.

मुद्रितशोधक चष्मा काढून पुसत बसले. तो आधीच पुसलेला होता.

“वहिनी, दादाला देता का जरा?”

पलीकडे कुजबुज झाली. स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग कुणीतरी घसा खाकरला, अगदी वडील खाकरत तसा.

“बोल.”

सांगायचं पुष्कळ होतं. पर्सचं, पुस्तकाचं, त्या तीन ओळींचं. समोर पान चाळीस होतं आणि डोळ्यांत पाणी येऊन त्यातली अक्षरं एकमेकांत मिसळत होती.

“दादा,” ती म्हणाली, “एकदा घरी बसायला ये.”

पलीकडे स्टूल पुन्हा सरकलं.

“बाबा गेले तेव्हाही मी बसायलाच आलो होतो गं.”