नाक्यावरच्या शेंगा

“चालवून बघा, साहेब. कशी वाटली ते परत आल्यावर सांगा,” असं म्हणून नाथाजी मिस्त्रीनं गाडीची चावी पुढं केली.

फौजदार मानसिंगरावांची स्वतःची गाडी सांगलीच्या त्या गॅरेजात इंजिन उघडून पडली होती. ती तयार होईतो वापरायला म्हणून नाथाजीनं आपली दिली. कापडी टपाची, जुनी. पेट्रोल दुर्मीळ झाल्यापासून मागं कोळशाचं उंच पिंप बसवलेलं. आत कोळसा धुमसायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालायचं. लढाईच्या त्या दिवसांत निम्म्या गाड्या अशाच होत्या.

“सुरू पेट्रोलवर हुती, मग आपसूक गॅसवर जाती,” नाथाजी म्हणाला. “वाटंत तेवढं झाकण उघडू नका. जाळ तोंडावर येतो.”

“मला शिकवतोस व्हय रं? पलटणीत असताना उंटाच्या वाटंवरनं लॉऱ्या काढल्यात.”

“तसं न्हवं. आणि आमची साळूआत्या येऊ दे का मागं बसून? वडूजला लेकीकडं जायाची हाय.”

साळूबाई आधीच गाठोडं घेऊन उभी होती. मानसिंगराव हसले. “बस आत्या. पण भ्यायचं न्हाई.”

“तुमच्यासंगं कसली भीती, साहेब,” म्हातारी म्हणाली.

मानसिंगरावांना दुपारी वडूजच्या कचेरीत मोठ्या साहेबांपुढं हजर व्हायचंच होतं. चळवळीतला ज्ञानू पायात गोळी घेऊन निसटला होता. चालणं त्याला शक्य नव्हतं. कुणीतरी गाडीतूनच त्याला उत्तरेकडं नेणार हे उघड होतं. एकदा का तो वडूजपल्याडच्या मेंढपाळांच्या वाड्यांत शिरला, की चाळणीतनं पाणी गेल्यासारखा गेला. ‘माझ्या नाक्यांवरनं तो गेला तर कमरेचा पट्टा काढून ठेवीन,’ असा शब्द मानसिंगरावांनी मोठ्या साहेबांना दिला होता.

शब्द देताना छाती भरून आली होती, आणि का येऊ नये? मागल्याच महिन्यात एका लॉरीच्या थंड पिंपातून बंदुका त्यांनीच काढल्या होत्या. तेव्हापासून नाक्यांवर त्यांचाच कायदा चाले. कोळशाची गाडी आली की पिंपाच्या खोलगट झाकणावर ओल्या शेंगांची मूठ टाकायची. भाजल्या तर गाडी सोडायची, कच्च्या राहिल्या तर पिंप उघडायचं. शिपायांना हा कायदा लय आवडला होता. तपासणीही होई, तोंडही हले.

तासगाव मागं पडलं आणि मानसिंगरावांना गाडी आवडू लागली. गियर लोण्यात सुरी फिरावी तसा पडत होता. पाठीमागं थोडं जड वाटे, वळणावर बूड रेंगाळे, डावं दार उगाच खडखडे. पण चढ? कोळशाच्या गाड्या चढावर म्हशीसारख्या फुरफुरतात, धुरानं माणूस खोकून बेजार होतो. ही मात्र पेट्रोलवरच्या गाडीसारखी पळत होती.

“बघितलंस का आत्या? गाडी तीच, पण हात वळखती.”

“व्हय की. हाताचाच गुण,” साळूबाई म्हणाली.

रस्ता खडबडीत होता. प्रत्येक खड्ड्याला ती मान मागं वळवी आणि हलक्या गळ्यानं जात्यावरची ओवी म्हणे:

*दूरचा पल्ला बाई, उनाचा झाला ताव,*
*धीर धर रं राघू माज्या, आलं मामाचं गाव.*

“कुणाला समजावतीस?”

“माज्याच जिवाला. लोखंडाच्या घोड्यावर कवा बसले न्हाई.”

मानसिंगरावांना तो गळा बरा वाटला. दळताना त्यांची आई असंच म्हणायची. पुढच्या खड्ड्याला त्यांनी आपसूक वेग कमी केला.

विट्याच्या नाक्यावर शिपायांनी लांबूनच सलाम ठोकला आणि बांबू वर केला. वडूजच्या अलीकडच्या नाक्यावर मात्र आकाराम शिपाई होता. सरळ माणूस. त्यानं सलाम केला, खिशातून शेंगांची मूठ काढली आणि झाकणावर टाकली.

“आकाराम, अरं कुणाची गाडी हाय ही?”

“साहेब, तुमीच म्हणला हुता, माज्या बापाची गाडी आली तरी शेंगा टाकायच्या.”

मानसिंगराव पोट धरून हसले. “शाब्बास. पण माझ्या कायद्यात मलाच उभा करतोस व्हय? आत काय ज्ञानू बसलाय? वर कर बांबू.”

“शेंगा भाजल्या की मग...”

“वडुजात भाजून निघतील. मी खाईन तुझ्या नावानं.”

बांबू वर गेला. साळूबाईची ओवी मधेच थांबली होती, ती पुन्हा सुरू झाली.

वडुजात लेकीच्या दारापुढं गाडी थांबली. जावई नानासो वाट बघतच होता.

“गाडी हितंच ऱ्हाऊ द्या, साहेब,” साळूबाई म्हणाली. “जावई पिंपातली राख काढून ठेवंल. कचेरी काय, पलीकडच्या आळीला.”

मानसिंगराव शेंगांकडं हात नेणार, तोच तिनं चपळाईनं त्या पदरात गोळा केल्या आणि त्यांच्या कोटाच्या खिशात ओतल्या.

“आवं, हात पोळंल. जरा गार हुद्या, मग खावा.”

आईच्या वयाची बाई. त्यांनी मान लववली आणि शीळ घालत कचेरीची वाट धरली.

मोठे साहेब खिडकीशी उभे होते. “काय फौजदार, ज्ञानूचा पत्ता?”

“नाक्याअलीकडंच अडकलाय, साहेब. एकूण एक पिंप तपासलं जातंय.”

“आणि कोळशाची गाडी घेऊन आलात म्हणे, कशी वाटली?”

“फूल आहे, साहेब. ना धूर, ना धाप. असली गाडी मी चालवली नव्हती.” मानसिंगरावांनी खिशातल्या शेंगा टेबलावर ओतल्या. “घ्या. तिच्याच पिंपावर भाजल्यात.”

साहेबांनी एक शेंग उचलून फोडली. टरफल ओलं होतं, आणि आतला दाणा गुलाबी, कच्चा.