कातेंदेची आई

कातेंदे काल पुन्हा मोटारसायकल घेऊन उतारावर गेला होता, हे नांतेझानं सांगितलं, तेव्हा चटईवरची माणसं तिच्याकडे वळली.

दर रविवारी चर्च आटोपलं की नालुबेगा आत्याच्या ओसरीवर आईबाप जमत. वयात आलेली पोरं ज्यांना आवरत नाहीत, असे. खाली सरोवर पसरलेलं असे, दुपारच्या उन्हात काठच नसल्यासारखं. त्याच्यावरून चिलटांचे थवे धुरासारखे उठत, डोलत आणि विरून जात.

उतार म्हणजे टेकडीवरून कोळ्यांच्या धक्क्याकडे जाणारा लाल मातीचा रस्ता. सांजवेळी पोरं इंजिन बंद करून तिथून गाड्या सोडत. जो सगळ्यांत शेवटी ब्रेक दाबेल तो त्या दिवसाचा राजा. मागच्या महिन्यात म्पांगा तसा राजा झाला आणि तिथेच राहिला. त्याचा बाप सालोंगो अजूनही रविवारी यायचा, चटईच्या कडेला बसायचा. आपण पोराला वेतानं झोडलं, दाराला कुलूप घातलं, हे तो स्वतःच सांगे. पोरगा खिडकीतून गेला, असं म्हणून तो सरोवराकडे बघत राही.

नांतेझाला हे सगळं नवं होतं. कातेंदेची आई वारली, तेव्हा कुळातल्या वडीलधाऱ्यांनी रीतीप्रमाणे तिच्या भावाच्या लेकीच्या, नांतेझाच्या, खांद्यावर झाडाच्या सालीचं वस्त्र बांधलं. गेलेल्या बाईची जागा रिकामी ठेवायची नसते. त्या दिवसापासून कातेंदेची आई नांतेझा. साऱ्या गावानं तिला तसंच हाकारायचं, कातेंदेनंही. त्याचा बाप मालमोटार घेऊन सीमेपलीकडे असायचा. फोनवर म्हणायचा, तुमचं लेकरू आहे, तुम्हीच समजवा.

गेलेलीची पायघोळ बुसूती नांतेझाला सैल होई. कमरपट्टा कितीही आवळला तरी खांदे घसरत. ओसरीवरच्या उबेनं कधीकधी आत्याच्या मांडीला टेकूनच तिचा डोळा लागे. काळजीनं दमलीय बिचारी, असं म्हणून बायका आवाज खाली आणत.

त्या दिवशी मात्र ती जागी होती. कातेंदे वाईट नाही, ती सांगत होती. पाणी भरतो, धक्क्यावरून मासा आणतो, काटे काढून देतो. पण उताराचं नाव काढलं की हसतो. रागावलं तरी वरूनच हसतो.

"आमच्याही पोरांचे कान धरायला आता शिडी लागते गं, माय," शेजारची नाब्बोसा म्हणाली. सगळे हसले. नांतेझाही हसली, मग तिचे डोळे भरले.

आत्यानं तिला पाणी दिलं. ओरडू नकोस, म्हणाली. ओरडलीस की त्याला नुसता आवाज ऐकू येतो. त्याच्या चुका उगाळू नकोस, तुझं मन सांग. आणि जे करीन म्हणशील ते कर.

सालोंगो दुसऱ्यांच्या बोलण्यात कधी मध्ये पडत नसे. तो बोलला.

"मला भीती वाटते, असं मी पोराला कधी म्हटलंच नाही. बापाला भीती वाटते, हे त्याला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं."

परतताना नांतेझा केळीच्या बागेतून चालली. पानांतून गाळलेला उजेड हिरवा, पाण्याखालच्यासारखा. आपण चालतोय की तरंगतोय ते कळू नये असा. बागेपलीकडे तिच्या बाबांचं घर होतं, वाफवलेल्या केळ्यांचा वास येत होता. ती तिकडे वळली नाही. कातेंदेच्या अंगणात जाऊन उंबऱ्यावर बसली आणि त्या घरच्या बायका पाळण्याशी म्हणत आल्या होत्या ते गुणगुणू लागली:

केळीच्या गं पानावर उतरली सांजवेळ,
सरोवरा, सांभाळ रे माझ्या लेकराचा खेळ.

टेकडीवरून पोरांची शीळ आली. कातेंदे घरातून निघाला, तिला ओलांडून गाडीपाशी गेला. ती ओरडली नाही. बुसूतीचा घोळ गोळा केला आणि त्याच्या मागे सीटवर चढून बसली.

"उतर."

"नाही."

"पडशील. खेळ नाहीये हा."

"माहितीय. म्पांगाला पुरलं तेव्हा मी होते ना." तिनं त्याचा शर्ट मुठीत धरला. "मला भीती वाटते, कातेंदे. घरी बसून तर जास्तच वाटते. तुला जायचंच असेल तर दोघं जाऊ."

त्यानं गाडी सुरू केली. ती उतरेल म्हणून इंजिन गुरगुरवत राहिला. मग गाडी फाटकापर्यंत नेली. तिनं डोळे मिटून घेतले, पण मूठ सोडली नाही. खाली सरोवर आणि आभाळ एकाच रंगाची झाली होती. रस्ता त्या रंगात उतरून नाहीसा होत होता.

दुसरी शीळ आली. तिसरी.

कातेंदेनं किल्ली फिरवली. एकाएकी इतकं शांत झालं की केळीची पानं ऐकू आली. त्याचे खांदे हलत होते. आई गेल्यापासून तो रडला नव्हता. तिनं त्याच्या पाठीला गाल टेकला.

पोरांच्या गाड्या टेकडीवरून त्याच्याविना सुटल्या, त्यांचा सळसळाट ऐकू आला आणि थांबला.

मग तो उतरला, दोन्ही हातांनी तिला अलगद उचलून खाली ठेवलं आणि आईसमोर टेकावेत तसे तिच्यासमोर गुडघे टेकले. तेव्हा कुठे दोघांचे डोळे एका उंचीला आले.

"उद्या तुझा पाचवीचा गणिताचा पेपर आहे ना, आई?" तो म्हणाला. "शाळेत मी सोडतो तुला. हळू चालवीन."