तिरक्या ओळी

तोरणमाळच्या डोंगरावर भरलेल्या सिकलसेल तपासणीच्या शिबिरात त्या सकाळी तपासलेल्या प्रत्येक माणसाच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या निघाल्या. गायत्रीने अहवाल छापायला घेतले.

सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाजवळ नवा कॅमेरा बसवलेला होता. त्याने टिपलेले चित्र थेट गायत्रीच्या प्रोग्रामकडे जाई आणि पेशी गोल की वाकड्या, हे प्रोग्राम सांगे. नवनीत बोट टोचून काचेवर रक्त पसरवत होता. दोघेही शहाद्याहून आलेले.

रविनाचा कागद मात्र तिच्या बापाने, दलसिंगने, हातात घेतला नाही. होळीनंतर तिचे लग्न ठरले होते, आणि हा आजार आईबापांकडून मुलांत उतरतो.

"पोराकडचे पंच खाली बसलेत, ताई," तो म्हणाला. "तुम्ही सांगाल तेच मी तिथं सांगणार. पंचांपुढं आम्ही खोटं बोलत नाही. म्हणून एकदा अजून पाहा."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तो गायत्रीच्या शब्दावर मुलीचे लग्न मोडायला तयार होता, आणि तिला तेच जड गेले. स्वतःच्या शब्दाची इतकी खात्री तिलाही नव्हती. तिने आपले बोट नवनीतपुढे केले. तिचे रक्त कॉलेजात तपासलेले होते. त्यात दोष नव्हता.

पडद्यावर तिच्याही पेशी विळ्यासारख्या उमटल्या.

"ताई, आते तुम्हनी सोयरिकबी डोंगरमाच करनी पडी," नवनीत म्हणाला.

गायत्री हसली नाही. पडद्यावरच्या सगळ्या पेशी एकाच दिशेला कललेल्या होत्या. रक्तात अशी शिस्त नसते. तिने त्याला काच काटकोनात फिरवायला सांगितले. काच फिरली, पेशींचा कल होता तिकडेच राहिला.

म्हणजे कल काचेवर नव्हता. कॅमेरा बसवताना त्याचे चित्र तिने पाहिले होते, प्रोग्रामचे उत्तरही. मधल्या वाटेवर संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत जे पोचत होते, ते मात्र तिने कधी उघडून पाहिले नव्हते. तिने ते उघडले. चित्रभर एक बारीक काळी रेघ तिरकी उतरत गेली होती. गायत्रीने प्रोग्राममधला एक आकडा बदलला. रेघ गेली. नवनीतने रविनाची काच पुन्हा लावली; तिच्यावरच्या पेशी गोल दिसल्या.

ती बाहेर आली. "सकाळचे सगळे कागद रद्द," ती म्हणाली. "रविनाच्या पेशी गोल आहेत. तरी नमुना जिल्ह्याला जाईल. तिथलं उत्तर येईपर्यंत पंचांना थांबायला सांगा."

"थांबतील. उपकार झाले, ताई."

"उपकार तुमचे, दादा. तुम्ही कागद घेतला असता, तर मी पुन्हा पाहिलंच नसतं."

दलसिंगला हे पटले नसावे. "पण चूक होती कुठं?" त्याने विचारले.

गायत्रीने सांगितले. नव्या कॅमेऱ्याच्या चित्रात प्रत्येक ओळीचा शेवटचा बिंदू काळा येत होता. तो वगळण्यासाठी तिने चित्रातला एका बिंदूने अरुंद आयत कार्डाकडे पाठवला. इथवर ठीक होते. पण एका ओळीच्या आरंभापासून पुढच्या ओळीच्या आरंभापर्यंतचे अंतरही तिने तेवढेच अरुंद लिहिले. मेमरीत ओळी पूर्ण लांबीच्याच होत्या. म्हणून प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक बिंदू बाजूला सरकली आणि गोल पेशी तिरक्या, लांबट होत गेल्या.

मग उरलेले कारणही तिने सांगितले: माणसे डोंगरातली होती, म्हणून एकजात सगळी आजारी निघाली तरी तिला ते खटकले नव्हते.