एक नंबर मोठं

लेकीच्या रेसच्या गाडीला वेग वाढवणारा नायट्रस गॅस जोडताना रंगराव मिस्त्रींचा हात थबकला. हातात गॅस सोडणारं पितळेचं छोटं जेट होतं. त्याचं भोक जितकं मोठं, तितका गॅस जास्त, तितका वेग आणि धोकाही. आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी मागितल्यापेक्षा एक नंबर लहान जेट लावलं होतं, न सांगता. म्हणून तर पोरं धडधाकट घरी परतायची.

पण पोटच्या पोरीला कसं फसवायचं? तिने मागितलं तेच त्यांनी बसवलं.

भर शर्यतीत इंजिन फुटलं, गाडी पेटली.

तेराव्याला तिची मैत्रीण हातमोजे परत द्यायला आली. रडत म्हणाली, "काका, शलाका त्या दिवशी हसत होती. म्हणाली, 'आबा गुपचूप सगळ्यांना एक नंबर लहानच लावतात. म्हणून मी मुद्दाम एक नंबर मोठं मागितलंय.'"